काचेच्या पाटीवरची अळी

वाचकहो, आमचे पुणतांबे बाहेरच्या माणसाला ठाऊक आहे ते गोदाकाठच्या चांगदेवांच्या समाधीमुळे, आणि अलीकडे १ जून २०१७ रोजी येथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. आज मात्र मी तुमच्याशी बोलणार आहे चित्रकलेबद्दल. तीही कागदावरची नव्हे, टॅब्लेटवरची. "शेतीखात्यातल्या माणसाला हे काय भलतेच सुचले?" असे म्हणून पान उलटू नका. गोष्ट अखेर मक्याच्या पोंग्यापर्यंत येणार आहे.

२०२०-२१ च्या करोनाकाळात शाळा बंद पडल्या आणि कित्येक शेतकरी घरांत पोरांच्या अभ्यासासाठी टॅब्लेट आला. शाळा उघडल्या आणि ती काचेची पाटी कपाटात गेली, नाहीतर सिनेमे बघण्याच्या कामी आली. तुमच्याकडे ती अशीच पडून असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम आढळली ती २०१८ साली. त्यानंतर मक्याच्या शेतात गेलो की एकच प्रश्न असे, "साहेब, ही तीच का?" ओळख तशी सोपी. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण, आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. पण मोबाईलच्या फोटोत पानही हिरवे, अळीही मळकट, त्यात उन्हाची तिरीप. पाहणाऱ्याने नेमके कोठे पाहायचे ते फोटो सांगत नाही. चित्र सांगते. चित्रात नको ते गाळता येते आणि हवे ते ठळक करता येते.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकत असताना आम्हाला किडींच्या आकृत्या पेन्सिलीने काढाव्या लागत. तो हात तीस वर्षे गंजून पडला होता. पन्नाशी उलटल्यावर घरातल्या पडीक टॅब्लेटवर तो पुन्हा चालवायला घेतला. वयाची लाज वाटू देऊ नका. डेव्हिड हॉकनी या नामवंत इंग्रज चित्रकाराने २०१० साली आयपॅड हाती घेतला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. २०११ च्या वसंतात त्याने यॉर्कशायरमधल्या एका साध्या रस्त्याची चित्रे त्यावर काढली, आणि ती जगाने पाहिली.

आता सुरुवात कशी करावी ते सांगतो.

पहिली गोष्ट पेनाची. जाड रबरी टोकाचे स्वस्त पेन कुठल्याही टॅब्लेटवर चालते. पण ते बोटाचेच काम करते, जास्त काही नाही. काही टॅब्लेटना स्वतःचे बारीक टोकाचे पेन असते. त्याला दाब कळतो. हलके टेकवले तर केसासारखी रेघ, दाबले तर जाड. आपला टॅब्लेट असे पेन घेतो की नाही, हे आधी विचारा आणि मगच पैसे मोजा. शिकण्यासाठी रबरी पेनही पुरते.

दुसरे, चित्र काढण्याचा कार्यक्रम. विकत घ्यायची गरज नाही. 'क्रिता' नावाचा चांगला कार्यक्रम मोफत आहे. तो संगणकावर चालतो आणि अँड्रॉइड टॅब्लेटसाठीही मिळतो. उघडल्यावर शेकडो कुंचले दिसतील. भुलू नका. पहिला महिनाभर एकच कुंचला आणि काळा रंग.

तिसरे, हाताची मशागत. काच गुळगुळीत असते, रेघ घसरते. रोज पंधरा मिनिटे नुसत्या समांतर रेघा ओढा, सरी पाडावी तशा. मनगटाने नव्हे, कोपरापासून हात हलवा. मग गोल, मग पान. आठ दिवसांत हात वळतो.

चौथी गोष्ट सर्वांत कामाची, ती म्हणजे थर. गटाच्या नकाशावर आपण पारदर्शक कागद ठेवून विहीर, पाईपलाईन, बांध दाखवतो ना? तेच येथे आहे. खालच्या थरावर कच्ची आकृती, वरच्यावर पक्की रेघ, तिसऱ्यावर रंग. रंग बिघडला तर तेवढाच थर पुसा, रेघेला धक्का लागत नाही.

आणि एक सावधगिरी. चित्र कागदावर छापायचे असेल तर सुरुवातीलाच आकार मोठा घ्या. ए-फोर कागदासाठी २४८० गुणिले ३५०८ ठिपके धरावेत. लहान काढून मागाहून ताणले की कडा फाटक्या दिसतात.

माझे अळीचे चित्र छापून मी शेतावर नेऊ लागलो. एका वस्तीवर खुरपणीला आलेल्या मावशींनी ते हातात घेतले. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हते. पण पोंग्यातला लाकडाच्या भुशासारखा चोथा त्यांनी बरोबर ओळखला, पान उलगडून अळी काढली आणि चित्रातले चार ठिपके तिच्या पाठीवर बोटाने मोजून दाखवले. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याच डोळ्यांसमोर कीड आधी येते. अंडीपुंज आणि लहान अळ्या वेळीच दिसल्या, तर हाताने वेचून आणि पाच टक्के निंबोळी अर्काने पुष्कळ काम भागते. अळी पोंग्यात खोल शिरल्यावर वरवरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पैसे मात्र जातात.

त्याच वस्तीवर दहावीतली एक मुलगी आहे. रांगोळीत तिचा हात धरणारे कोणी नाही. टॅब्लेटवर एका बाजूला रेघ ओढली की दुसऱ्या बाजूला तशीच आपोआप उमटते, हे पाहून ती हरखली. पुढच्या खेपेस तिने कांद्यावरच्या फुलकिड्याचे चित्र काढून ठेवले होते. माझ्याहून सरस.

तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, यातून पोरीला भाकर मिळेल का? नवा टॅब घ्या म्हणती. कांद्याचे पैसे झाले तेवढे सोसायटीत गेले."

मी सांगितले ते तुम्हालाही सांगतो. "दादा, कर्ज काढून टॅब घेऊ नका. घरात जुना आहे, त्यावर तिला वर्षभर काढू द्या. रेखाकलेच्या सरकारी परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कागदावरच असतात. तेथे पेन्सिल आणि रंगच लागतात. ते आधी पक्के होऊ द्या. भाकरीची हमी मी देणार नाही. बियाणे चांगले असले तरी हमी कोण देतो? पण उगवण चांगली आहे, एवढे मी पाहिले आहे. ती खुडू नका."

ते काही बोलले नाहीत. पण पोळ्याला मी गेलो तेव्हा जुन्या टॅबची फुटलेली काच बदललेली दिसली.

माझ्या नोकरीची थोडीच वर्षे उरली आहेत. गावोगावच्या पिकांवर काय पाहिले ते सांगून संपणारे नाही. काढून ठेवले तर मागे राहील. तुम्हीही काढा. आपल्या रानातली कीड, आपल्या विहिरीपासूनचा पाण्याचा नकाशा, आजीच्या ठिपक्यांची रांगोळी. हात चांगला नाही म्हणून थांबू नका. चित्र काढायला बसले की माणूस नीट पाहू लागतो, आणि शेती करणाऱ्याला नीट पाहण्याइतके उपयोगाचे दुसरे काय आहे?