रिकामा शंख

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. पण एक प्राणी असा आहे की जन्मभरात कितीतरी घरे बदलील, बांधणार मात्र एकही नाही. ओहोटीच्या वेळी आमच्या कोकणातल्या एखाद्या खडपात, पाण्याच्या डबक्यापाशी दोन घटका स्वस्थ बसा. तळाशी निपचित पडलेला एखादा शंख एकाएकी चालू लागेल. शंख मेलेल्या गोगलगायीचा, आणि चालणारा खेकडा! इंग्रजांनी याला संन्यासी म्हटले आहे. घराची एवढी विवंचना असलेल्या जिवाला संन्यासी म्हणणे ही थट्टाच नव्हे का?

बिचाऱ्याची अडचण खरी आहे. पुढचे अंग कठीण, नांग्या बळकट. पण पोटाचा मागचा भाग अगदी मऊ. तो उघडा पडला की खेकडा माशाच्या तोंडी गेलाच म्हणून समजा. हे मऊ अंग बहुधा उजवीकडे वळलेले असते, आणि बहुतेक शंखांचे वेटोळेही उजवेच. त्यामुळे ते आत नेमके बसते. शेपटाकडच्या आकड्यांनी तो शंखाचा मधला खांब घट्ट धरून ठेवतो.

नवा शंख दिसला की स्वारी आधी त्याला नांग्यांनी चाचपते, गोल फिरवते, तोंडात नांगी घालून आत जागा किती ते पाहते. फार जड नको, ओझे होते. तोकडा नको, वाढ खुंटते. भोक पडलेला तर नकोच. पसंत पडला तर क्षणात जुन्यातून सुटून नव्यात शिरायचे, आणि राहून पाहिल्यावर नावडला तर पुन्हा जुन्यात. बदलीच्या गावी बिऱ्हाड शोधणाऱ्या आम्हा मास्तरांना ही चैन कुठली!

पण खरी मौज पुढेच आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या किनाऱ्यावर काही संशोधकांनी ती पाहिली आणि २०१० साली लिहून ठेवली. मोठा रिकामा शंख सापडला आणि तो आपल्याला ढगळ होतो असे दिसले, तर खेकडा तिथेच थांबतो. आणखी काही येतात आणि थोरल्यामागे धाकटा अशी रांग लागते. योग्य मापाचा खेकडा येऊन त्या शंखात शिरला की त्याचा शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला! पाहता पाहता सगळ्यांचे घर बदलते. सगळेच सोज्वळ असतात असे नाही. दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख आपटून त्याला बाहेर काढणारे दांडगेही त्यांच्यात आहेतच. तरी एका रिकाम्या शंखाने साऱ्या रांगेची सोय होते, ही गोष्ट काही खोटी नाही.

आपण माणसे हे शंख वेचून काचेच्या कपाटात मांडतो आणि किनाऱ्यावर बुचे टाकून येतो. लोकांनी ठिकठिकाणी टिपलेली छायाचित्रे तपासून २०२४ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कचऱ्यात बिऱ्हाड थाटलेले ३८६ खेकडे आढळले; बहुतेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकचे झाकण!

रिकाम्या शंखाचा मला एवढा कळवळा का, ते आता सांगतो. आई गेल्यापासून आमचे गावचे घर चार वर्षे कुलपात आहे. गावच्या दवाखान्यातील परिचारिकाबाईंनी ते भाड्याने मागितले. दोन मुले आणि म्हातारी सासू घेऊन त्या दोन खोल्यांत राहतात. त्या हलल्या तर त्यांच्या खोल्या आमच्या शाळेतल्या नव्या गुरुजींना मिळतील. म्हणजे त्यांना बायकोला आणता येईल. आणि गुरुजींची सध्याची खोली तालुक्याहून रोज एस.टी.ने येणाऱ्या कंपाउंडरला चालण्यासारखी आहे.

पण मुंबईचे आमचे दादा म्हणतात, "अरे, बिऱ्हाडकरू एकदा आत शिरला की निघत नाही. आईचे घर आहे ते!"

दादांची भीती मला समजते. आईच्या देवघरात परक्याची चूल पेटावी असे मलाही सहजासहजी वाटत नाही. पण गेल्या पावसाळ्यात माजघराचा वासा वाळवीने खाल्ला. वाळवीने काही भाडेचिठ्ठी केली नव्हती! कुलपाने घर राखले जाते, हा आपला समज. घर राखते ती आतली चूल.

भाऊबीजेला आम्ही भावंडे एकत्र जमणार आहोत. किल्ली दादांकडे आहे. इकडे रांग मात्र केव्हाची उभी आहे.