तळपायावरचा काळा डाग

ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एक मावशी माझ्याकडे बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. त्यांच्या परवानगीने हे लिहितोय. एकदा चप्पल काढताना त्यांच्या टाचेवर काळा डाग दिसला. "कालवं काढताना शिंपला लागला होता, डॉक्टर. वर्ष झालं असेल," त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली. चार महिन्यांनी डागाची कड चिघळली, रक्त येऊ लागलं, तेव्हा बायोप्सीला पाठवलं. रिपोर्ट आला: मेलानोमा. रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग.

ते चार महिने मला अजून टोचतात.

मावशींनी विचारलं, "एवढा काळा रंग येतो कुठून?" उत्तर देण्यासारखं आहे.

त्वचेचा रंग मेलानोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. त्यांच्यात मेलानोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. आधी पीमेल हे प्रथिन पिशवीत तंतू विणतं. मग टायरोसिनेज हे एन्झाइम टायरोसिनपासून मेलानिन बनवायला सुरुवात करतं आणि तो रंग त्या तंतूंवर बसतो. गोरेपणाच्या बऱ्याच क्रीम याच एन्झाइमला अडवू पाहतात.

यातलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मेलानोमाच्या पेशींनी शिकवलं. उंदराच्या बी-१६ पेशी विरळ पेरल्या, तर काही दिवसांत त्या फिक्याच्या काळ्या होतात. आधीची आणि नंतरची प्रथिनं मोजली की टायरोसिनेज आणि त्याची भावंडं वाढलेली दिसतात. अशा पेशी बाहेर वाढवणारी भारतातली पहिली प्रयोगशाळा आपल्या मुंबईतच, परळला, डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात उभारली.

याचा रुग्णाला काय उपयोग? काही मेलानोमा रंग बनवतच नाहीत, गुलाबी दिसतात. मावशींच्या गाठीचाही एक भाग तसाच होता. पण रंग नसला तरी ही प्रथिनं बहुधा उरलेली असतात. एचएमबी-४५ ही तपासणी पीमेलच शोधते. डॉक्टरांना तिथे आजाराची ओळख पटते.

अशा पेशी डोळ्यातही असतात. आमच्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकचऱ्यातून रुथेनियम-१०६ वेगळं काढून डोळ्याच्या कर्करोगासाठी चकती बनवली आहे. डोळ्यातल्या मेलानोमावर अशी चकती वापरतात.

मावशींची शस्त्रक्रिया झाली. जांघेतल्या एका लसिकाग्रंथीपर्यंत आजार पोचला होता. आज दोन वर्षं झाली, त्या नेमाने तपासणीला जातात.

मेलानोमा आपल्याकडे कमी दिसतो. पण दिसतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, जिथे ऊन लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तळपाय बघा. हे दिसलं तर थांबू नका:

• वाढणारा, वेडावाकडा किंवा दोन-तीन रंगांचा डाग
• भरून न येणारी, रक्त येणारी जखम
• एकाच नखात नव्याने आलेली, रुंद होत जाणारी काळी रेघ

अनेक नखांत जुन्या रेघा असतील तर त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी एकदा दाखवून घ्या.

मी आता बीपी बघण्याआधी चपला काढायला सांगतो. पेशंट हसतात. हसू देत.