दोन डॉलरचं ब्रिंग-इन आणि ऐनवेळचे विषय

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस काल दारात पडली. विषय नऊ. शेवटचा नेहमीचाच: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ही ओळ वाचली की मला न्यू जर्सीतलं एक पत्त्यांचं टेबल आठवतं. का, ते सांगतो. त्यासाठी थोडं पत्त्यांचं बोलावं लागेल.

2005 च्या आसपास कंपनीने मला दीड वर्षासाठी तिकडे पाठवलं होतं. एखाद्या शनिवारी आम्ही तिघं-चौघं गाडी काढून अटलांटिक सिटीला जायचो. टीव्हीमुळे तेव्हा सगळीकडे टेक्सस होल्डेमचं वेड, पण खोलीच्या एका कोपऱ्यात पेन्शनर मंडळी जुनं सेव्हन कार्ड स्टड खेळत बसलेली असायची. मी तिथे रमलो. (दीड वर्षाचा हिशोब विचारू नका. तोटाच झाला. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कमेंटमध्ये 'जुगाराचा प्रचार' लिहिणाऱ्यांसाठी हे आधीच सांगून ठेवतो.)

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळलेल्यांना बूट माहीत आहे. स्टडमध्येही तो असतो. आमच्या टेबलावर आठ जण, प्रत्येकी अर्धा डॉलर. मग प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, एक उघडा. ज्याचा उघडा पत्ता सगळ्यात लहान, त्याने सक्तीने दोन डॉलर टाकायचे. ह्याला म्हणतात ब्रिंग-इन. तुमची खेळायची इच्छा आहे का, हातात काही आहे का, कोणी विचारत नाही. दुर्री आली ना? भरा.

मग तुमच्या डावीकडून एकेकाची पाळी. एकेक जण पॅक करत जातो, आणि शेवटी तुमच्या उजव्या हाताचा, राजा उघडा घेऊन बसलेला, शांतपणे पाच डॉलर सरकवतो. मध्ये आहेत सहा: चार बुटाचे, दोन तुमचे. पाच लावून सहा मिळवायचे, म्हणजे शंभरातून सेहेचाळीस वेळा तुम्ही पॅक केलंत तरी त्याचं भागतं. त्याच्या झाकल्या पत्त्यांत काही असायची गरजच नाही. तिथे ह्याला सरळ 'चोरी' म्हणतात, आणि ही चोरी नियमात बसते.

पहिले दोन महिने मी दर वेळी पॅक करायचो. समोर राजा, माझ्याकडे दुर्री, कशाला भानगड? माझ्या उजवीकडच्या आजोबांनी हे दुसऱ्याच शनिवारी ओळखलं असावं. माझी दुर्री उघडी पडली की त्यांचा हात चिपांकडे आधीच गेलेला असायचा.

मग मला राग आला आणि मी उलटी चूक केली. 'माझे दोन डॉलर' म्हणून दर वेळी भिडायला लागलो. वरचे तीन डॉलर टाकले की मध्ये पडलेल्या अकरांवर हक्क सांगता येतो, भाव साडेतीनपटीच्याही वर, वाटतं किती स्वस्त! पण ते तीन डॉलर म्हणजे नुसती एन्ट्री. पुढे आणखी चार फेऱ्या असतात, पाच, दहा, दहा, दहा. शेवटपर्यंत नुसतं बघत राहिलो तरी अडतीस डॉलर जातात. आणि ते दोन डॉलर माझे राहिलेलेच नसतात, टाकले त्या क्षणी ते सगळ्यांचे झाले. दुर्री, नव्वी, गुलाम, तिन्ही वेगळ्या रंगांचे, असं घेऊन मी लढत होतो. नुसता अहंकार.

शहाणपण आलं ते इतरांचे टाकलेले पत्ते बघायला लागल्यावर. स्टडमध्ये पॅक करणाऱ्याचा उघडा पत्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो उचलला गेला की लक्षात ठेवणं तुमचं काम. समोरचा कशावरही वाढवत असेल आणि बाकीचे तीनही राजे अजून कुठे दिसलेले नसतील, तर त्याच्या झाकल्या दोन पत्त्यांत राजा असण्याची शक्यता साधारण सातात एक. दोन राजे आधीच पॅकमध्ये गेलेले तुम्ही पाहिले असतील, तर एकवीसात एक! तेव्हा माझ्या दुर्रीखाली सत्तीची जोडी झाकलेली असेल, तर नुसतं बघायचं नाही, उलट वाढवायचं. तिन्ही पत्ते एका रंगाचे आणि तो रंग इतरांकडे फारसा गेलेला नसेल, तर निदान बघायचं. बाकी वेळा मुकाट पॅक. दहातून तीन-चार वेळा नीट भिडलो तेवढ्याने आजोबांचा हात चिपांकडे जाताना थांबायला लागला. तेवढंच हवं होतं.

आता सोसायटी. मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड हा आपला बूट, सक्तीचा. सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी पुन्हा भरते, तेव्हा कोरम लागत नाही. साडेदहाला बायका-मुलं जेवायला गेलेली, सातआठ डोकी उरलेली, आणि मग निघतो ऐनवेळचा विषय. तीन वर्षं मी पॅक केलं. सिक्युरिटीची एजन्सी बदलली, पॅक. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम एकाच कोटेशनवर दिलं गेलं, पॅक. उद्या सकाळी ऑफिस आहे, कशाला भानगड?

चौथ्या वर्षी भडकून लिफ्टच्या खर्चाला विरोध केला. कागद न वाचता. सेक्रेटरींनी फाइल उघडली, तीन कोटेशनं होती, सगळ्यात कमीवालं घेतलं होतं. सगळ्यांसमोर तोंडावर पडलो. दुर्री, नव्वी, गुलाम.

गेल्या वर्षी मात्र मागची इतिवृत्तं मागवून आधी वाचली. रंगकामाचा विषय ऐनवेळी आला तेव्हा विचारलं, वॉटरप्रूफिंगवाला ठेकेदार आणि हा एकच का? मागच्या कामाची गॅरंटी लेखी आहे का? शांतता. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्या कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, "माझ्या छताला अजून ओल आहे हो." विषय पुढे ढकलला गेला. अध्यक्ष तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत, हेही खरं.

यंदाच्या नोटिशीत रंगकाम सातवा विषय म्हणून छापून आलंय. कोटेशनं सभेआधी बघायला मिळावीत असा अर्ज आज सेक्रेटरींकडे दिला आणि पोच घेतली. काकूंना विचारलंय, साडेदहापर्यंत थांबाल का. म्हणाल्या, त्या दिवशी स्वयंपाक आधीच उरकते.