चाकाच्या पोटातले दुखणे

खंडेनवमीला आमच्या करकंबच्या घरी कोयता, कुऱ्हाड, पहार धुऊन-पुसून पाटावर मांडतात आणि ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडते. गेली कित्येक वर्षे त्याच सुमाराला आमच्याकडे आणखी एक काम निघते. उसाच्या ट्रॉलीची आणि टायरच्या बैलगाडीची चाके उतरवून त्यांची बेअरिंगे उघडायची. हंगाम तोंडावर आलेला असतो. एकदा उसाला कोयता लागला, की चाक उतरवायला सवड कुणाला? म्हणून हे काम सणालाच बांधून टाकले आहे. कोपरापर्यंत ग्रीस माखलेले बघून पाहुणे हसतात. हसू द्यावे.

माझ्या लहानपणी घरी लाकडी चाकाची गाडी होती. तुंबा, आरे, वरून लोखंडी धाव, आणि गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे. गाडी जुंपण्याआधी दादा आखाला वंगण घालीत. चाक कुरकुरले तर म्हणत, "बैल रडाय लागला बघ." कोरड्या आखाचा भार शेवटी बैलाच्या खांद्यावर येतो, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, आमच्या भागात ऊस वाढत गेला, लाकडी चाके जाऊन टायर आले. वंगणाचे नळकांडे गेले आणि त्याच्याबरोबर रोज चाकाकडे बघायची सवयही गेली. बेअरिंग झाकणाआड असते. डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूची आठवण ती मोडल्यावरच होते.

ट्रॉलीच्या चाकाचा हब उघडला की आत दोन बेअरिंगे निघतात. बहुधा आतल्या बाजूचे मोठे आणि बाहेरचे लहान. प्रत्येकाचे दोन भाग. आखावर बसतो तो कोन. त्याच्याभोवती जाळीत रोलर अडकवलेले असतात. हबमध्ये घट्ट बसलेले कडे म्हणजे कप. रोलर सरळ नसतात, एका टोकाला निमुळते असतात. असे का? घरातले निमुळते फुलपात्र जमिनीवर आडवे टाकून ढकलून बघा. ते सरळ न जाता गोल फिरते. तसेच हे रोलर कोनाभोवती न घसरता फिरत राहतात. शिवाय गाडी वळली किंवा एक चाक चारीत उतरले, की ओझे आडवेही रेटते. निमुळता रोलर वरचे ओझे पेलतो आणि हा आडवा रेटाही पेलतो. मात्र रेटा तो एकाच बाजूचा घेतो, म्हणून एका हबात दोन बेअरिंगे उलटसुलट तोंडाने बसवतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली याचे पेटंट घेतले. म्हणजे मोटारीत मिरवणारी ही वस्तू मुळात जनावराच्या गाडीसाठी जन्मली, हे आपण ध्यानात ठेवावे.

इतके भक्कम बेअरिंग मग मरते कशाने? ट्रॉली जास्त भरली म्हणून, असे आपण झटकन म्हणतो. जादा ओझ्याने आयुष्य घटतेच. पण आजवर मी जी खराब बेअरिंगे हातात घेऊन पाहिली, त्यांतली बहुतेक माती, पाणी, कोरडेपणा आणि चुकीचा आवळ यांनी गेलेली होती.

आमच्या दाजींचेच सांगतो. त्यांच्या ट्रॉलीचे एक चाक आवाज करू लागले. गॅरेजवाल्याने कोन नवा घातला आणि कप जुनाच ठेवला. "कप चांगलाय, कशाला खर्च?" असे तो म्हणाला. कपाला खवले पडलेले होते. त्या खवल्यांवर नवे रोलर चार दिवसांत फुटले आणि भरल्या उसाची ट्रॉली रात्री टेंभुर्णीच्या रस्त्यावर चाक धरून बसली. ऊस दोन दिवस वाळला, वजनात घटला. आख खरवडला गेला, त्याचा खर्च वेगळा. पण हे सारे सोसता येते. अंधारात उभ्या असलेल्या त्या ट्रॉलीवर मोटारसायकलवरचा एक पोरगा आदळता आदळता वाचला. दाजी अजूनही त्या उसाचा हिशेब सांगत नाहीत, त्या पोराचेच बोलतात.

म्हणून पहिला नियम हा, की कोन आणि कप जोडीनेच बदलावेत. दुकानात जाताना जुने दोन्ही भाग पुसून बरोबर न्यावेत. त्यांच्यावर नंबर कोरलेला असतो. मिलिमीटरच्या मापात ३०२०६ असा नंबर असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणावे. सहा पंचे तीस, म्हणजे आतले भोक ३० मिलिमीटरचे. ३२२०६ चे भोकही ३० आणि बाहेरचा व्यासही तोच ६२. पण पहिल्याची जाडी सव्वासतरा मिलिमीटर, तर दुसऱ्याची सव्वाएकवीस. हातात सारखेच वाटतात, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. इंची मापाच्या बेअरिंगात कोनाचा नंबर वेगळा आणि कपाचा वेगळा असतो. दोन्ही लिहून घ्यावेत. खोका नामांकित कंपनीचा आणि आतला नंबर पुसट, वेडावाकडा, असा माल कितीही स्वस्त असला तरी परत द्यावा. पक्की पावती मागावी.

उघडताना ट्रॉली रिकामी असावी, बाकीच्या चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकवर न विसंबता खाली लाकडी ठोकळा द्यावा. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन कापडाने पुसावे. पंक्चरवाल्याच्या हवेने ते गरगर फिरवू नये. रोलर सुटून डोळा जाईल. मग उजेडात बघावे. सगळीकडे सारखी, गुळगुळीत चमक असेल तर ठीक. खवले, गंजाचे खड्डे किंवा रोलरचे उमटलेले वळ दिसले तर ते बेअरिंग गेले. निळसर झाक दिसली तर ते तापलेले आहे.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचेच घ्यावे. जुने पुरते धुऊन काढावे, कारण दोन जातींची ग्रीसे मिसळली तर कधी कधी पातळ होऊन वाहतात. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जावे, म्हणजे ग्रीस रोलरमधून पलीकडे निघते. हब मात्र ठासून भरू नये, तापतो. ऑइल सील दर वेळी नवीन घालावे. तेच माती आणि पाणी अडवते. कप बसवताना पोलादावर थेट हातोडा मारू नये. मध्ये पितळेची दांडी धरावी.

आता नट. चाक हाताने फिरवत नट आवळत जावे. चाक जड लागले, की स्प्लिट पिनचे भोक जुळेपर्यंत नट थोडा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि वर-खाली धरून हलवले तर नाममात्र ढील लागली पाहिजे. ताकद लावून आवळलेला नट हा बेअरिंगचा गळफास आहे. ट्रॅक्टर तो मुकाट्याने ओढतो, पण बैलगाडीत तो बैलाच्या खांद्यावर बसतो. पिन नवी घालावी.

एक गोष्ट वेल्डिंगची. ट्रॉलीला जोड मारताना अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावे. नाही तर वीज बेअरिंगमधून जाते आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात.

एरवी फार काही करावे लागत नाही. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून प्रत्येक हबाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. सगळे सारखे कोमट असतील तर बरे. एकच तापला असेल तर तिथेच थांबावे, मागे दिवा लावावा. रिकामी ट्रॉली वस्तीवर येताना होणारा घरघर आवाज आमच्याकडे सगळ्यांआधी माझी बायको ओळखते. तिनेच चारही चाकांच्या बेअरिंगांचे नंबर आणि ग्रीस भरल्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. रात्री-अपरात्री पोराने रस्त्यावरून फोन केला, तर तिला शोधाशोध करावी लागत नाही. यंदा आपल्याही घरी एवढे एक पान लिहून ठेवा.