अंधार आणि आधार

चार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आई न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती चालू लागली; पण प्रवासाचे नाव काढताच 'मला नको रे' म्हणे.

गेल्या मार्चमध्ये धीर करून तिला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला नेले. तेथे कासव महोत्सवाचे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. तळमजल्याची खोली, ओसरी, घरचे गरम जेवण. दुसऱ्याच दिवशी आई यजमानीणबाईंबरोबर बिरड्याचे वाल सोलत बसली.

हे ऐकून, कोकणात किनाऱ्यालगत पर्यटकांसाठी खोल्या बांधू पाहणाऱ्या माझ्या एका रुग्णाने सल्ला विचारला. पेच दिव्यांचा होता. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रावरच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावरचे दिवे त्यांना भरकटवतात. वृद्धांना मात्र रात्रीचा अंधार घातक.

मी सुचवले : पलंगापासून शौचालयापर्यंत घोट्याच्या उंचीवर मंद, तांबूस, झाकलेले दिवे लावा, त्यांचा उजेड समुद्राकडे जाऊ देऊ नका. उंबरठा टाळा. फरशी खरबरीत असू द्या. कमोडशेजारी आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवा. शोषखड्डा विहिरीपासून दूर खणा. आणि स्वयंपाक गावातल्या बायकांकडे योग्य मोबदल्यात सोपवा. आईची भीती ओसरली ती त्यांच्याच सोबतीने.

वाचकहो, ज्येष्ठांसह सहल ठरवताना खिडकीतून समुद्र दिसतो का, हे नंतर विचारा. आधी न्हाणीघराची फरशी कशी आहे, ते विचारा.