घरचा संगणक कुठे अडतो?






घरच्या संगणकाचे बटण वीज तोडत नाही; ते आतल्या मदरबोर्डला फक्त वर्दी देते. पंख्याचे बटण बंद केले की प्रवाह तिथल्या तिथे थांबतो. संगणकात मात्र बटणापासून मदरबोर्ड, तिथून विंडोज आणि तिथून एकेक प्रोग्रॅम अशी ती वर्दी फिरते आणि सगळ्यांची आवराआवर झाली की मगच वीज थांबते. संगणक बंद न होणे, चालू न होणे आणि काढलेला स्क्रीनशॉट न सापडणे या तीन नेहमीच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर काम कोणत्या पायरीवर अडले, हे आधी पाहावे लागते. आईवडील गोव्यातल्या पेडण्यात किंवा डिचोलीत आणि मुले परदेशात अशा घरांत दुरुस्ती बहुधा फोनवरूनच होते. तिथे तर अडलेली पायरी ओळखली की निम्मे काम झाले.

बटण पहिल्यापासून असे नव्हते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या बाजूला मोठा तांबडा खटका होता आणि तो खरोखरच वीज तोडायचा. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले. त्या काळच्या बहुतेक संगणकांवर शट डाऊन केले की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना यायची: आता संगणक बंद करायला हरकत नाही. त्यानंतर माणसाने हाताने खटका दाबायचा. त्याच वर्षी इंटेलने एटीएक्स नावाची नवी रचना जाहीर केली. तिच्यात एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, संगणक बंद असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्टची बारीक धार देत राहतो. बटण दाबल्याची खबर त्या धारेवर पोहोचते आणि वीज तोडण्याचे काम विंडोजच्या हाती जाते. गोव्यात घरोघरी संगणक आले ते यानंतर. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राज्य सरकारच्या सायबरएज योजनेमुळे उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचू लागले, तेव्हा हीच रचना रूढ झालेली होती. भिंतीवरचा स्विच आधी बंद करण्याची सवय मात्र पंख्या-दिव्यांकडून संगणकाकडे आली, आणि पुष्कळ फायली तिनेच खराब केल्या.

शट डाऊन दाबल्यावर विंडोज उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आवरायला सांगते. लिहिलेले पण डिस्कवर न उतरलेले काम उतरवते, थांबलेली अपडेट बसवते आणि शेवटी मदरबोर्डला वीज थांबवायला सांगते. एखाद्या प्रोग्रॅमने उत्तर दिले नाही की सगळे तिथेच खोळंबते आणि पडद्यावर त्या प्रोग्रॅमचे नाव येते. ते नाव वाचणे हाच पहिला उपाय. बहुतेकदा जतन न केलेले पत्र किंवा छपाईच्या रांगेत अडकलेला कागद निघतो. रद्द करून मागे जावे, काम जतन करावे, प्रोग्रॅम हाताने बंद करावा आणि पुन्हा शट डाऊन द्यावे. अपडेट चालू असल्याची सूचना दिसत असेल तर तास गेला तरी थांबावे. पडदा अर्धा-पाऊण तास काळा आहे, डिस्कचा दिवाही लुकलुकत नाही, अशा वेळीच बटण ५ ते १० सेकंद दाबून धरावे. हा शेवटचा मार्ग आहे, रोजचा नव्हे.

बंद होण्यातली दुसरी अडचण फसवी आहे. संगणक रोज बंद होतो, पण बिघाड जात नाही: आवाज येत नाही, प्रिंटर सापडत नाही, वाय-फाय लागत नाही. याचे कारण २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप सोयीत आहे. संगणक लवकर चालू व्हावा म्हणून शट डाऊन करताना विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखे भाग चालवणारे प्रोग्रॅम, एका फाइलमध्ये जसेच्या तसे गुंडाळून ठेवते आणि सकाळी तेच उलगडते. कालचा अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे आज अडकलेलाच उठतो. याचा पुरावा डोळ्यांनी पाहता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जावे. तिथे 'अप टाइम' या शब्दांखाली संगणक किती वेळ चालू आहे ते दिसते. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे कधी कधी पंधरा-वीस दिवसांचा आकडा असतो. अशा वेळी शट डाऊन न करता रीस्टार्ट करावे, कारण रीस्टार्टमध्ये गाभ्यासकट सगळे नव्याने उभे राहते. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केले तरी संगणक पूर्ण बंद होतो. ही सोय कायमची काढायची असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांनी काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते.

संगणक आपला आपण बंद पडत असेल तर कारण दोन ठिकाणी शोधावे: उष्णता आणि वीज. डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ, तर हरमल-मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर खारी हवा. धूळ पंख्यात आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांत बसते, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. पाच-दहा मिनिटे चालून बंद, थोड्या वेळाने पुन्हा चालू, ही त्याची ओळख. प्लग काढून, संगणकाची पेटी उघडून मऊ ब्रशने धूळ काढली की बहुधा भागते. विजेचा दोष वेगळा दिसतो. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरच्या केंद्रांतून येते आणि तालुक्यांत ती कुळागरांतून, डोंगरउतारांवरून जाणाऱ्या तारांनी पोहोचते. पावसाळ्यात माडाचे झाप किंवा फांदी तारेवर पडली की पुरवठा डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ तुटतो आणि परत येतो. दिवा नुसता मिचकावतो, संगणक मात्र बंद होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद राहते. आवराआवर न होता संगणक बंद झाला, एवढेच ती नोंद सांगते. वीज गेली की आतून काही बिघडले, हे घरच्यांना विचारूनच कळते.

विजेच्या या धक्क्यावर यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ संगणक चालवणारे बॅटरीचे यंत्र, हा उपाय आहे, पण त्याची बॅटरी जिवंत असेल तरच. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवाच राहतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षा सोपी आहे. सगळी कामे जतन करून, संगणक चालू ठेवून, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करावा. पाच-दहा मिनिटे निघाली तर ठीक. लगेच अंधार झाला तर बॅटरी बदलावी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा यूपीएसचाही भरवसा धरू नये. प्लग काढून ठेवावा आणि इंटरनेटच्या यंत्रातून संगणकात येणारी तारही सोडवावी, कारण विजेचा लोळ त्या वाटेनेही आत येतो.

चालू होताना हीच साखळी उलट चालते. एसएमपीएस वीज देतो, मदरबोर्डवरचा बायॉस रॅम आणि बाकीचे भाग तपासतो, मग डिस्क शोधतो, डिस्कवरून विंडोज चढते आणि शेवटी आपला पडदा येतो. कुठवर आले ते पाहिले की दोष कुठे तेही कळते. दिवा नाही, पंखा नाही, तर दोष विजेच्या बाजूला: प्लग, केबल, यूपीएस किंवा एसएमपीएस. एकदा सगळे प्लग काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला भार निघून जातो. मग पुन्हा जोडून पाहावे. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर आधी मॉनिटरची केबल तपासावी आणि मग रॅम.

रॅमचा हा दोष गोव्याच्या पावसाळ्यात वरचेवर दिसतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तशी रॅमच्या पट्टीवरच्या संपर्कबिंदूंवर मळकट साय धरते. संगणक महिनाभर बंद राहिला असेल तर आणखीच. प्लग काढावा, संगणकाची पेटी आडवी ठेवावी आणि कोरड्या हाताने आधी आतल्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्या बाहेर ओढल्या की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. शाळकरी खोडरबर त्या दातांवरून एकाच दिशेने हलकेच फिरवावा आणि चुरा झटकून टाकावा. फिकट पडलेले दात पुन्हा चमकतात. पट्टी खाचेत नीट दाबली की खिट्या 'टक' करून आपोआप बसतात. बंद म्हणून सोडून दिलेला संगणक एवढ्यानेही पुष्कळदा उठतो.

बायॉसपर्यंत येऊन डिस्क सापडत नसल्याची सूचना आली तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढावा. संगणक त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो. घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. दोष क्षुल्लक वाटतो, पण तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळ असुरक्षित म्हणून उघडतच नाही आणि घरचे इंटरनेटला बोल लावतात. विंडोज चढता चढता अडते, तेव्हा लागोपाठ दोन-तीन वेळा फसल्यावर दुरुस्तीचे निळे पान आपोआप येते. तिथून सेफ मोडमध्ये जाऊन नुकताच टाकलेला प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर काढता येतो. नव्या लॅपटॉपवर याच वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड घरात लिहून ठेवलेला असावा. संगणक चालू होतो पण फार रेंगाळतो, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करावेत.

स्क्रीनशॉटच्या बटणाचे नाव 'प्रिंट स्क्रीन' का, याचे उत्तरही १९८१ मध्येच आहे. आयबीएम पीसीवर शिफ्टसह ते दाबले की पडद्यावरची अक्षरे खरोखर प्रिंटरवर छापून यायची. विंडोजमध्ये कागद गेला आणि पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर जाऊ लागले. नाव तेच राहिले. गोंधळ इथूनच सुरू होतो. क्लिपबोर्ड म्हणजे स्मृतीतली तात्पुरती जागा. तिथे ठेवलेले चित्र कुठल्याही फोल्डरमध्ये दिसत नाही, पुढची गोष्ट कॉपी केली की पुसले जाते आणि वीज गेली की नाहीसे होते. पेंट किंवा वर्ड उघडून कंट्रोल-व्ही दाबले तरच ते हाती लागते.

जमिनीचा एक-चौदाचा उतारा शोधताना किंवा वीजबिल भरताना पावतीचा क्रमांक पडद्यावर एकदाच येतो. अशा वेळी विंडोज बटणासह प्रिंट स्क्रीन दाबावे. पडदा क्षणभर मंदावतो. चित्र जतन झाल्याची ती खूण. ते पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये क्रमांकासह बसते. तिथे नसेल तर वनड्राइव्हमधल्या पिक्चर्समध्ये पाहावे. लॅपटॉपवर काहीच घडत नसेल तर एफएन बटणही सोबत दाबावे लागते. थोडाच भाग हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. एकच खिडकी हवी असेल तर आल्टसह प्रिंट स्क्रीन. विंडोज ११ मध्ये नुसते प्रिंट स्क्रीन दाबले की स्निपिंग टूल उघडते. तो बिघाड नव्हे, बदललेली पद्धत आहे. काही चित्रपटांचे स्क्रीनशॉट काळे येतात, कारण ते दाखवणारी सेवा नक्कल अडवते. तिथे संगणकाचा दोष नसतो.

दूर राहून मदत करणाऱ्याने म्हणून प्रश्न याच क्रमाने विचारावेत: दिवा लागतो का, पंखा फिरतो का, पडद्यावर अक्षरे येतात का, कोणती? विंडोज चालू असेल तर स्क्रीनशॉट मागावा, नसेल तर मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो. सूचनेतला प्रत्येक शब्द आणि आकडा त्यात वाचता आला पाहिजे. मग वीज गेली होती का, पाऊस किंवा गडगडाट झाला होता का, नवे काही जोडले का, आणि शेवटचे रीस्टार्ट कधी केले. एका वेळी एकच उपाय सांगावा आणि त्याने काय बदलले ते ऐकून मगच पुढचा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाबाहेर असावी, म्हणजे कोणतीही पायरी अडली तरी घरचे फोटो आणि कागदपत्रे सुरक्षित राहतात.