सीमाभागातील हिवाळी सोहळा

हिवाळा आला की गुलमर्गला बर्फावरून घसरण्याचे खेळ रंगतात. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरील आमच्या बेळगावात बर्फ नाही. पौषात राजहंसगडावर धुके तेवढे उतरते. पण या दिवसांची आमची करमणूकही आगळीच. भाताची मळणी आटोपली की कडोली, येळ्ळूर, उचगाव या खेड्यांत मराठी साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग दिवसभर व्याख्याने, कथाकथन, कविसंमेलन. १९४६ च्या बेळगाव संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली. १९५६ साली मात्र हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मंडपात बसणे हे आम्हांस निव्वळ मनोरंजन उरलेले नाही. नातवंडांना शेजारी घेऊन आम्ही बसतो, ते त्यांच्या कानांवर मराठी पडावी म्हणून.